नळीवरचा चिमटा

"दाजी, जरा सरका," म्हणत मेहुणा लाँचवरून बंद पडलेल्या जेटबोटीत उतरला आणि इंजिनाचं झाकण उघडून खांद्यापर्यंत आत वाकला.

मालक सरकला, पण त्याने नजर हलवली नाही. सकाळी याच मेहुण्याने इंजिन तपासलं होतं आणि दुपारी बोट तलावाच्या ऐन मध्यावर बंद पडली, याचा अर्थ काय घ्यायचा? बायकोच्या हट्टापायी पंधरा दिवसांपूर्वी या बाबाला कामावर घेतलं. परवा हाच पलीकडच्या काठावरच्या बोटवाल्याबरोबर चहा पिताना दिसला. विचारलं तर म्हणे, जुनी ओळख निघाली. कुठेतरी पाणी मुरत होतं, एवढं नक्की.

"काय चाललंय?"

"एक छोटंसं काम. काठावर गेल्यावर दाखवतो."

मालकाने पुढे काही विचारलं नाही. विचारलं की माणूस सावध होतो, आणि त्याला मेहुण्याला रंगेहाथ पकडायचं होतं.

मेहुणा दोर बांधून लाँचवर गेला. त्याची पाठ वळताच मालकाने झाकण उचललं. इंजिनाला थंड ठेवणारं पाणी ज्या रबरी नळीतून येतं, तिच्यावर एक लोखंडी चिमटा करकचून आवळलेला होता. नळी पार चपटी झाली होती. मालकाला इंजिनातलं फारसं कळत नसे, पण पाणी मिळालं नाही की इंजिन जळतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि त्याच्याकडे ही एकच जेटबोट होती. ती गेली की धंदा गुंडाळायचा.

"घरभेदी कुठला!" तो पुटपुटला. चिमटा उपसून त्याने खिशात घातला. संध्याकाळी तो बायकोपुढे ठेवायचा आणि तिच्या भावाला उद्याच्या गाडीत बसवून द्यायचं, असं त्याने ठरवून टाकलं.

लाँच निघाली ती गोगलगाईच्या चालीने. धक्क्यावर गिऱ्हाईक ताटकळत उभं होतं. ते कंटाळून पलीकडे जावं म्हणून हा वेळ काढतोय, दुसरं काय!

"अरे, ओढ की जोरात!"

"बंद बोट हळूच ओढलेली बरी, दाजी."

"मालक कोण, तू का मी?"

मेहुण्याने खांदे उडवले आणि वेग वाढवला. जेटबोट उड्या मारत लाँचमागे धावू लागली. मालकाला बरं वाटलं.

धक्क्याला लागल्यावर मेहुण्याने पेट्रोलच्या नळीत अडकलेला कचरा दहा मिनिटांत काढला. "झालं. आता चिमटा काढला की सुरू," म्हणत त्याने इंजिनामागे हात घातला. हात तिथे बराच वेळ चाचपडत राहिला. मग त्याने सगळे प्लग उघडले आणि स्टार्टर मारला. प्लगच्या भोकांतून पाण्याच्या चिळकांड्या उडाल्या. त्याने तेलाची पट्टी ओढून पाहिली. तेल दुधाळ झालं होतं.

"हे... हे कसं झालं?" मालकाने विचारलं.

"इंजिन चालू असलं की आत आलेलं पाणी धुराबरोबर बाहेर पडतं. बंद बोट ओढली की ते नुसतं आत रेटलं जातं आणि धुराच्या वाटेने उलटं इंजिनात शिरतं. वेग जास्त तेवढं पाणी जास्त. म्हणून तर नळी दाबून ठेवली होती."

बोलता बोलता त्याची नजर मालकाच्या फुगलेल्या खिशावर गेली आणि तिथेच थांबली. मालकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात तिकीट खिडकी सोडून बायको धावत आली. "काय झालं रे?"

मेहुण्याने खाली पाहिलं. "इंजिनात पाणी गेलं, ताई. चिमटा मी ढिला लावला असणार. वाटेत निसटला."

"आता?"

"इंजिन उतरवायला लागेल. हंगाम गेलाच समज."

ती भावाकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले. मग ती नवऱ्याकडे वळली.

"माझा भाऊ म्हणून मुळीच गय करू नका. याला ठेवायचा की घालवायचा, तुम्हीच सांगा."