आत्ताच खाऊन गेला

पुसदला नदीकाठच्या गल्लीत कमलाकरचं आलूबोंड्याचं हॉटेल होतं. दर बुधवारी सकाळी कुंदावैनी दारात येऊन विचारायच्या, "रजत आलता का?"

त्यांचा मुलगा रजत दोन वर्षांपूर्वी पुरात वाहून गेला होता. वैनी दिसल्या की शेजारचा घड्याळवाला मान खाली घालायचा, कापडवाला आत निघून जायचा. कमलाकरला तसं जमलं नाही. पहिल्याच दिवशी त्याच्या तोंडून निघून गेलं, "आत्ताच खाऊन गेला, वैनी."

मग दर बुधवारी तेच. पुढंपुढं दारात पाऊल वाजलं की कमलाकरच दचकून बघायचा. रजत पूर्वी बसायचा त्या जागेवर गिऱ्हाईक बसलं, तर त्याला उठवावंसं वाटायचं. शेवटी एका बुधवारी त्यानं हात जोडले.

"वैनी, माह्याच्यानं आता होत नाही. रजत येत नाही इथं. तो गेला."

वैनी शांतपणे बाकावर टेकल्या.

"मले माहीत हाये, भाऊ. घाटावर त्याले मीच ओळखलं होतं. पण साऱ्या गावात त्याच्याबद्दल माह्याशी बोलणारे तुमी एकलेच उरले."