तुळजाबाईचे डोळे

“सांगितलं तर कोणाला पटायचं न्हाई, कारभारी. पण तुझ्या मायनं माझ्या कॅमेऱ्यात डोळे उघडले.”

भुजंग फोटोवाला परतूरहून फ्रेम घेऊन आला होता. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती फ्रेम त्यानं मांडीवर उपडी धरली होती. उद्या तुळजाबाईचं तेरावं. भुजंगच्या गोष्टीत दर खेपेला एखादं भूत वाढायचं, हे तालुक्याला ठाऊक होतं. तरीही लोक ऐकायचे.

कारभारीनं मुंडण केलेल्या डोक्यावरून हात फिरवला. जालन्याच्या एमआयडीसीत तो लोखंडाच्या मिलमध्ये कामाला होता. मायच्या मातीच्या दिवशी त्यानंच भुजंगला बोलावून घेतलं होतं, कारण म्हातारीचा जन्मात एक फोटो नव्हता. भिंतीला टेकवून बसवलेल्या मायकडं बघत तो एवढंच म्हणाला होता, “डोळे उघडे पाहिजेत.” ती आपल्यावर रागावून गेली की कसं, ते त्याला बघायचं होतं. बाकी गाव येऊन ‘सुटली बिचारी’ म्हणून जात होतं. कशातून सुटली, ते त्यानं कोणाला विचारलं नव्हतं.

उंबऱ्याशी त्याची थोरली बहीण सोनूबाई उद्याच्या पुरणाची डाळ निवडत बसली होती. ती गावातच दिलेली. तिच्या डोक्यावरून एक सुतळी गेली होती, दाराच्या चौकटीपासून अंगणातल्या मोरीपर्यंत, कमरेइतक्या उंचीवर ताणलेली. कारभारी आल्यापासून कितीदा तरी त्या सुतळीत अडकला होता. “कोण्या येड्यानं बांधली ही?” म्हणत त्यानं त्या सुतळीवरच ओला टॉवेल टाकला होता. सोनूबाईनं तो काढून खुंटीला लावला होता. असं रोज चाललं होतं.

“शेवटचा कधी आल्तास रे मायकडं?” भुजंगनं विचारलं.

“येतच होतो की. दर दोन महिन्याला.”

सोनूबाईचा हात सुपात थांबला. मग पुन्हा फिरू लागला.

“मंग ऐक,” भुजंग पुढं सरकला. “खोलीत अंधार. एक दार, तेवढाच उजेड. दुसरा कोणी असता तर त्यानं फ्लॅश मारला असता. फ्लॅशनं जिता माणूस मेल्यावानी दिसतो, मेलेल्याचं काय घेऊन बसलास! मी फ्लॅश बंद केला. अंधारात हात जरा हलला की फोटो गेला, म्हणून कॅमेरा ज्वारीच्या पोत्यावर ठेवला अन् दहा सेकंदाचं टायमर लावलं. लाल दिवा टिकटिक करायला लागला. ह्या नव्या कॅमेऱ्याला एक खोड हाये. पडद्यावर हिरवा चौकोन येतो, माणसाचं तोंड हुडकत फिरतो. तो मायच्या तोंडावर जाईचना. आधी दारात गेला. तिथं कोणीच न्हवतं.”

कारभारीनं दाराकडं बघितलं.

“तेवढ्यात ही सुतळी हलली. वाऱ्याचं नाव न्हाई, अन् ही आशी हलली, जशी कोणी धरून चालून राह्यलंय. मोरीकडून दाराकडं.”

सोनूबाईनं पहिल्यांदाच मान वर केली.

“मंग चौकोन दारातून आत आला. हळूहळू. भिंतीवरून सरकत सरकत मायच्या तोंडावर जाऊन बसला. खटका वाजला. पडद्यावर बघतो तर डोळे उघडे! समोर बघतो तर मिटलेले. लागोपाठ चार फोटो काढले, चारीमंदी मिटलेले. तो एकच उघडा. कम्प्युटरवर मी केसाएवढं बी काम केलं न्हाई, आईची आण.”

“कोणाकडं बघून राह्यली?” कारभारीनं विचारलं.

“तू तिरडीचा बांबू घेऊन त्याच टायमाला दारात आल्तास. तूच बघ.”

भुजंगनं कागद फाडला. फ्रेम पाटावर भिंतीला टेकवून ठेवली.

तुळजाबाई समोर बघत होती. काळीभोर, ओलसर बुबुळं. एकेकात दाराचा उजेड ठिपक्याएवढा चमकत होता. कारभारी डावीकडं सरकला. ती त्याच्याकडंच बघत होती. तो उजवीकडं गेला. तरीही त्याच्याकडंच. त्याला भडभडून आलं. त्या नजरेत राग नव्हता.

“हेच डोळे,” तो रडत म्हणाला. “बिलकुल आसेच. परवा परवा आल्तो तवा जाताना आशीच दारातून बघत होती, मी पार वळणाआड जाईस्तोवर. आक्का, बघ ना. माय रागावली न्हाई माझ्यावर.”

भुजंगनं समाधानानं मिशीवरून बोट फिरवलं.

सोनूबाई उठली. हाताची डाळ सुपात झटकली आणि पाटापुढं येऊन बसली. मग तिनं पदरानं काच पुसली आणि त्या दोन्ही डोळ्यांवर दोन बोटं ठेवली.

“भुजंगकाका, तुम्ही खोटं बोलून राह्यले,” ती शांतपणे म्हणाली. “अन् हा बी. मायच्या दोन्ही बुबुळांवर पांढरा पडदा आल्ता. दोन वर्षं झाली, ही दोरी धरून ती मोरीवर जायची.”