मागचा आवाज
वसुली कंपनीचे फोन घेऊन घेऊन शिंपीणबाई मेटाकुटीला आल्या होत्या. न घेतलेल्या कर्जाचे हप्ते कोण भरणार? शेवटी पासबुक पिशवीत घालून त्या तडक कंपनीच्या कचेरीत धडकल्या. "मी तुमचं दमडीचंही देणं लागत नाही," त्यांनी ठणकावलं. कारकुनाने शांतपणे गेल्या महिन्यातल्या फोनचं रेकॉर्डिंग लावलं. "हो, कर्ज मीच घेतलंय." आवाज हुबेहूब त्यांचाच होता. "ही नक्कल आहे!" त्या ओरडणार, तोच त्याच आवाजामागून कुणीतरी खाकरलं आणि म्हणालं, "चिमणे, माझा चष्मा कुठे ठेवलास?" बाई आवाजाच्या दिशेने झुकल्या. त्यांना चिमणी म्हणणारा एकटा नवराच होता आणि त्याला जाऊन चार वर्षं झाली होती. "मागे कोण बोलतंय?" कारकुनाने विचारलं. "आमचे हे." बाईंनी समोरचं पेन उचललं. "कर्ज माझंच आहे. दर हप्त्याला हे ऐकवाल ना?"