सतरा मुद्द्यांची गाडी

"वाच," आत्माराम म्हणाला.

भावनाने पर्समधून कागद काढला. बोईसरच्या भर शोरूममध्ये तिला शाळेतल्या मुलीसारखं मोठ्याने वाचायचं होतं. "एक. मागच्या सीटची उंची."

आत्मारामने दार उघडलं, सीटवर तळवा टेकवला, वितीने जमिनीपासूनचं अंतर मोजलं. "माई, बसून बघ."

त्याची आई काठी सुनेच्या हातात देऊन आत सरकली. पुढच्या महिन्यात तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन होतं. "ही बरी हाय. आपली जुनी गाडी म्हंजे इहिरीत उतरायचं, नि परत कोनीतरी वर काडायचं."

"झालं. टिक कर."

विक्रेती किंजल हसू दाबत होती. भावनालाच बोलावं लागलं. "एकतीस वर्षं तारापूरच्या कारखान्यात कंट्रोल रूमला होते हे. तिथे एकाने यादी वाचायची आणि दुसऱ्याने प्रत्येक वस्तूला हात लावून 'झालं' म्हणायचं. नुसतं बघून चालत नाही. रिटायर झाले आणि ती कंट्रोल रूम घरी घेऊन आले."

"न बघता टिक करणाऱ्याला मी एकदा शिफ्टमधून घरी पाठवला होता," आत्माराम अभिमानाने म्हणाला. "पुढचा मुद्दा?"

मुद्दे सतरा होते. माईंचा वॉकर घडी न करता डिकीत मावला पाहिजे. डिकीचा काठ खाली हवा, म्हणजे केळव्याच्या वाडीतलं नारळाचं पोतं उचलावं लागणार नाही, नुसतं ढकललं की आत. मागे एसीची हवा पोचली पाहिजे. आत्माराम प्रत्येक ठिकाणी हात फिरवत होता, बोटांनी बटणं चाचपत होता. किंजल मागून "सर, हे तर ब्रोशरमध्ये आहे" म्हणत होती.

"अकरा. ड्रायव्हरची सीट," भावनाने वाचलं.

"त्यात तू बस. उंची तुझ्या बेताने लाव."

हे एक तिला अजून पचलं नव्हतं. रिटायर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याने तिला, तिच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नेऊन बसवलं होतं. म्हणे, पाठ आता साथ देत नाही. माईंनी तेव्हाच ओळखलं होतं, "याला रिटायर व्हून बायकोला डूटीवर लावायची व्हती."

टेस्ट ड्राइव्हला भावनाने गाडी मासवणच्या बाजूला काढली. मागे किंजल आणि माई. शेजारी आत्माराम, डोळे मिटून इंजिन ऐकत.

"अहो, जरा पुढे बघा. समोरून ट्रक येतोय."

"येऊ दे. तू बघतेयस ना?"

ट्रक गेला. गाडी सरळ राहिली. तिने कबूल केलं नसतं, तरी तिला मजा आली होती.

परत आल्यावर शेवटचा मुद्दा उरला. "सतरा. रंग."

"लाल," आत्माराम म्हणाला. "दुसरा कुठलाच नाही. राखाडी रस्त्यात मिसळून जाते. लाल लांबून कळते."

लाल गाडी बुक झाली.

आठ दिवसांनी किंजलचा फोन आला. लाल गाडीला दोन महिने लागणार होते. तशीच राखाडी गाडी तयार उभी होती. "मॅडम, माजींचं ऑपरेशन आहे ना? सरांना विचारून सांगा."

भावनाने विचारलं नाही. तिच्या डोळ्यांपुढे माईंचे सुजलेले गुडघे आले, आणि "राखाडी द्या" असं ती बोलूनही गेली.

त्या दिवसापासून तिला सुखाने जेवण गेलं नाही. ठरल्यापेक्षा वायर आखूड निघाली म्हणून आत्मारामने मिक्सर दुकानात परत नेला होता. तो चिडला तर तिने ऐकून घेतलं असतं. पण यादी तिने वाचली होती, टिक तिने केली होती. कागदावर एक आणि जागेवर दुसरं, हे त्याने नोकरीत कुणालाच माफ केलं नव्हतं. पुन्हा कधी तो तिला "वाच" म्हणेल का?

दोनदा तिने सांगायचं ठरवलं. दोन्ही वेळा तो एवढ्या खुशीत होता, की तिने चहाचं विचारलं.

शोरूममध्ये कागदांवर सह्या करायची वेळ आली, तेव्हा तिला वाटलं, आता पकडले जाणार. कागदावर रंग स्वच्छ छापलेला होता. आत्मारामने काहीच वाचलं नाही. तिने बोट ठेवलं तिथे बोटाला लागून सही केली. एवढा विश्वास! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गाडीवर चकचकीत कापड होतं. चाकांखाली लिंबं ठेवलेली. माई नारळ घेऊन तयार. शोरूममधली मंडळी टाळ्या वाजवायला गोळा झाली. भावनाने मनात वाक्य जुळवलं: अहो, माईंसाठी केलं, माझी चूक झाली.

किंजलने कापड ओढलं. टाळ्या झाल्या. खिडकीतून येणाऱ्या सकाळच्या उन्हात राखाडी गाडी उभी होती.

"अगो, पन ही त—" माईंनी तोंड उघडलं. "माई, थांबा," म्हणत भावनाने त्यांचा हात घट्ट दाबला.

आत्माराम दोन पावलं पुढे गेला. बॉनेटवर तळवा ठेवला, सावकाश दिव्यापर्यंत फिरवला. मग भावनाच्या आवाजाच्या दिशेने वळून तो तोंडभर हसला.

"बघ," तो म्हणाला, "सांगत होतो ना? लालच शोभते."