उजवा बूट

उजवा बूट आजही जागेवर नव्हता.

क्रेनवाल्याने पलंगाखाली पाहिलं, बादलीत पाहिलं, पिठाच्या डब्यामागेही हात घातला. ते जाड बूट पायात नसले तर कारखान्याच्या फाटकातून आत सोडत नसत. रोज शोधाशोध, रोज उशीर. मुकादमाने काल बजावलं होतं, पुन्हा उशीर झाला तर दुसरा माणूस बघतो.

"लेकीला जरा वळण लाव," तो भिंतीकडे बघत म्हणाला.

"लेक दोघांची आहे," बायको कढईकडे बघत म्हणाली. "आणि माझी स्कूटरची किल्ली कुठे ठेवलीस?"

"मी हातसुद्धा लावलेला नाही."

रविवारपासून हे असंच. त्या दिवशी तो ओरडला होता, "मी चाललो. पुन्हा पाऊल ठेवणार नाही." बूट चढवून तरातरा गेला, दिवेलागणीला परतला, मुकाट्याने जेवला. राग मात्र दोघांनी जपून ठेवला. काल जेवताना पुन्हा ठिणगी पडली, तेव्हा बायको म्हणाली, "तू कशाला? मीच जाते." कशावरून पेटलं होतं, हे दोघांनाही धड आठवत नव्हतं.

अडीच वर्षांची चिमणी कोपऱ्यात फ्रॉक गुडघ्यांवर ओढून बसली होती. फ्रॉकखालून बुटाची नाडी डोकावत होती.

तो तिच्यावर ओरडणार, एवढ्यात बायको तिच्यासमोर बसली. "का गं लपवतेस, राणी?"

"बूट नाही, मग बाबा नाही चालला."

बायकोने उठून गॅस बंद केला. तो तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"भाजीत मीठ नसतं हल्ली," तो म्हणाला.

"मुद्दामच घालत नव्हते."

"तरी खाल्ली मी."

"बघितलं ना," ती म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. मग त्यालाही.

चिमणी एकदा याच्या, एकदा तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

तो एकाच पायात बूट घालून दाराशी गेला. दुसरा त्याने मागितला नाही. पूर्वीसारखं म्हणाला, "येतो गं."

"ये लवकर."

चिमणी उठली. दोन्ही हातांनी जड बूट ओढत तिने त्याच्या पायापाशी आणून ठेवला. त्याने पाय घातला, तर टाचेला काही टोचलं. बूट उलटा केला, तशी आतून स्कूटरची किल्ली पडली.

बायकोने ती उचलली आणि कपाळाला लावली.