कोरी भिंत

"सरकारी भिंत, कोरी भिंत!" बाहेर घोषणा सुरू झाल्या आणि पाणीपुरवठा कार्यालयातले सगळे कारकून काम टाकून खिडकीला चिकटले. तसंही त्यांना निमित्तच लागायचं.

भांडण होतं नळजोडणीच्या खिडकीवरच्या लाकडी फळीचं. तिच्यावर मोठ्या अक्षरांत प्रार्थना कोरली होती. तीस वर्षांपूर्वी खातं या जुन्या इमारतीत आलं, त्या दिवसापासून ती तिथेच. आता बाहेर घोषणा देणाऱ्या दुसऱ्या धर्माच्या लोकांनी तक्रार केली, कोर्टात प्रकरण गेलं, आणि निकाल लागला: आज बारापर्यंत भिंत कोरी हवी.

फळी काढायच्या हुकमावर सही नव्या अधिकारी बाईंची. आणि फळी कोरणारा सुतार म्हणजे त्यांचे सख्खे वडील.

पंधरा दिवस बाबा घरात चकार शब्द बोलले नव्हते. आज ते स्वतःच शिडी घेऊन हजर झाले. नोकरी राखायची तर बाप तुटणार, हे त्यांना दिसतच होतं.

"बाबा, मी दुसऱ्या कुणाला बोलावते."

"माझी फळी आहे. मीच काढणार."

"रागावलात?"

"शिडी धर."

बाईंनी शिडी धरली.

दालनात पाय ठेवायला जागा नव्हती. डावीकडे फळीची माणसं, डोळे पुसत एकासुरात प्रार्थना म्हणणारी. उजवीकडे तक्रारदार, पुढे त्यांचे वकील, हातात घड्याळ. कारकून टेबलांवर चढले होते.

बाबांनी पहिला स्क्रू फिरवला. अलगद निघाला. दरवर्षी ते येऊन या स्क्रूंना तेल घालायचे आणि कारकून हसायचे, खिळे ठोकले असते तर ही कटकट नसती. फळी भिंतीपासून चार बोटं पुढे बसवलेली. ओल लागू नये म्हणून, असं ते सांगायचे.

"पाच मिनिटं राहिली!" वकील ओरडले.

"गप्प बसा हो, म्हातारा माणूस आहे!" डावीकडून कुणीतरी खेकसलं.

बाबा शेवटच्या स्क्रूपाशी आले.

"बाबा, माझा नाइलाज आहे हो," बाई कुजबुजल्या.

बाबांनी खाली पाहिलं आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसले. "वेडी आहेस. घट्ट धर."

फळी निघाली.

मागे भिंतीत बसवलेला दगड होता. त्यावरही प्रार्थना कोरलेली होती, तक्रारदारांच्या धर्माची. अक्षर न अक्षर शाबूत.

"इमारत ताब्यात घेतली तेव्हा खात्याच्या साहेबांनी हा फोडायला सांगितला होता," बाबा म्हणाले. "देवाचं नाव ते. छिन्नी उचलवेना. मग झाकून टाकला."

वकिलांनी घड्याळ खिशात टाकलं, घसा साफ केला.

"बाई, एवढं मात्र राहू द्या."

आणि डावीकडून, मघाशी डोळे पुसणारे ते सगळे गळे एकदम गरजले, "सरकारी भिंत, कोरी भिंत!"