नावाचा रुपया

राणीच्या छापाचे एक्केचाळीस रुपये श्रीरंगने मावशीपुढे मांडले. प्रत्येकाची मागची बाजू घासून कुणीतरी आपल्या माणसाचं नाव कोरलेलं.

"आईचा काही सापडला नाही," तो म्हणाला. "मी रांगत असतानाच विकला गेलेला. जाताना एवढंच बोलली, माझ्या नावाचा रुपया शोध. वीस वर्षं जुने बाजार पालथे घातले, पण इंदुमती कुठेच नाही."

मावशी हसली. "अरे, इंदुमती हे सासरचं नाव. लग्नात तुझ्या वडलांनी तांदळात लिहिलेलं. रुपया त्याआधीचा, आमच्या दादानं भाऊबीजेच्या ओवाळणीत घातलेला. त्यावर द्वारका असणार."

द्वारका श्रीरंगला पहिल्याच वर्षी मिळाली होती. काठाला चीर गेलेली, कुणा परक्या बाईची वाटलेली. पुढे सापडणारा प्रत्येक रुपया गळ्यात घालण्याजोगा व्हावा म्हणून त्याने ती सोनाराकडून आटवली आणि त्या चांदीच्या कड्या करून घेतल्या.

"मग ह्यातच असेल की रे," म्हणत मावशीने चष्मा पुसला आणि एकेक रुपया कडीला धरून उचलू लागली.